तुकडा गप्प होईपर्यंत

तिला सगळे तोफ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. एखादा नवखा माणूस बिचकत "बाई" म्हणाला, तर तीच सांगायची, "तोफ म्हण. मागून म्हणणारच आहेस, मग समोर म्हणायला काय झालं?" आवाजही नावाला साजेसा होता. कोपऱ्यावर भाजीवाल्याशी तिची घासाघीस सुरू झाली, की वर तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीन चालवत बसलेल्या नवऱ्याला कळायचं, आज काय शिजणार ते.

नवरा शिंपी. मवाळ, हसरा, तोंडात टाचण्या धरून बसणारा. "घरात एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं, असं आमचं ठरलंय," तो गिऱ्हाइकांना सांगे, "आणि बोलायची जागा मी पोचायच्या आधीच भरली होती."

आता अशा बाईच्या वाट्याला काम कोणतं यावं? तर जिथे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, असं.

ती एका लहानशा कारखान्यात पोलादाला पाणी द्यायची. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला शेजारी-शेजारी दोन टाक्या, एक पाण्याची आणि एक तेलाची, आणि दाराजवळ बांधाबांधीचं टेबल. छिन्न्या, पंच, कागद कापायची पाती असलं सगळं तिथे मऊ यायचं आणि कठीण होऊन जायचं. भट्टीत तुकडा लाल करायचा आणि झटकन गार करायचा, एवढंच ते. ऐकायला सोपं आहे. पण गार कसं करायचं यातच सगळी मेख. सावकाश गार केला तर तुकडा मऊचा मऊ राहतो. पाण्यातच शेवटपर्यंत बुडवून ठेवला तर बाहेरचं अंग आधी आक्रसतं, आतलं अजून तापलेलं असतं, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत तो तडकतो. म्हणून आधी पाण्यात घालायचा, ऐन वेळी उचलून तेलात सोडायचा आणि उरलेली आग तिथे निवांत निवू द्यायची. ती ऐन वेळ ओळखणं, ही तोफेची नोकरी होती.

ती वेळ तुकडा स्वतःच सांगतो. पाण्यात शिरल्यावर क्षणभर तो वाफेचं पांघरूण घेऊन गप्प बसतो. मग पांघरूण फाटतं, पाणी त्याला थेट भिडतं आणि तो खवळून बोलायला लागतो. हळूहळू राग ओसरतो, आवाज बारीक होतो, शेवटी नुसतं सूंऽऽ असं उरतं. ते सूं संपलं की उचलायचा. आधी नाही, नंतर नाही. म्हणून कारखान्याचा एक नियम होता, आणि मालकाने तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवून घेतला होता: तुकडा पाण्यात असताना कुणी बोलायचं नाही. पंखा बंद, घासायचं यंत्र बंद. खुद्द मालक फोनवर असला तर फोन छातीशी दाबून खांबासारखा उभा राहायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला ऐन वेळी शिंक आली, तर त्याने ती अशी दाबली की बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या सगळ्या शांततेची राणी कोण, तर गल्लीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. लोक यावर हसत. तीही हसायची.

हे काम तिच्याकडे सासऱ्यांकडून आलं होतं. सासऱ्यांना मुलगे दोन. थोरल्याचा जीव वाफेने गुदमरायचा, म्हणून तो शिंपी झाला. धाकट्याला आग आवडायची पण पाण्याजवळ थांबायचा धीर नव्हता, म्हणून तो भट्टीवर गेला. थोरली सून रोज सासऱ्यांचा डबा घेऊन यायची आणि टाकीपाशी रेंगाळायची. एकदा सासऱ्यांनी थट्टेने विचारलं, "काय गं, गप्प झाला का तुकडा?" ती म्हणाली, "छे, अजून पुटपुटतोय." सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, तुकडा उचलला आणि दुसऱ्या दिवशी डबा घरीच विसरायला सांगितलं. "तो कुणी दुसरा आणेल," ते म्हणाले, "तू सांडशी धर." तेव्हापासून त्या टाकीवर तिचं राज्य होतं. लेकीचा जन्म, सासऱ्यांचं जाणं, सगळं त्या टाकीच्या काठाने झालं. तिच्या हातून तुकडा तडकला असं फार क्वचित झालं होतं, आणि झालं तेव्हा तिने टाकीलासुद्धा शिव्या घातल्या होत्या.

मग पाती तडकायला लागली.

आधी एखादं. मग आठवड्याला एखादं. मग असं होऊ लागलं, की तेलातून काढलेल्या पात्यावर केसासारखी बारीक रेघ दिसली नाही तर लोकांना नवल वाटावं. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत येऊ लागली, मालकाच्या कपाळावर आठ्या चढल्या. तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. पोलाद विकणाऱ्याला तिने दारात धारेवर धरलं. पाणी बदलायला लावलं, तेल बदलायला लावलं. तरी तडकतच होतं. मग राहिली फक्त भट्टी, आणि भट्टीवर होता तिचा दीर.

दीर म्हणजे भट्टीवाला. कमी बोलणारा, मानी. भट्टीच्या तोंडातला रंग बघून आच ओळखणारा. तोफेने एका सकाळी सगळ्या कारखान्यासमोर त्याला गाठलं. "भावजी, तुम्ही तुकडे जाळताय! जास्त तापवताय, म्हणून तडकतायत. वय झालं असेल तर डोळे तपासून घ्या, पण माझ्या टाकीचं नाव घालवू नका!" तो काहीतरी बोलायला गेला. त्याने हातही वर केला होता. पण तोफ सुटली की सुटली, तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? मालकाने त्याच दिवशी त्याला भट्टीवरून काढून गाडीत माल चढवायला लावलं. इतक्या वर्षांच्या भट्टीवाल्याचा चारचौघांत असा पाणउतारा झाला. तो खाली मान घालून खोकी उचलायला लागला, आणि रोज संध्याकाळी भावाकडे चहाला यायचा, तो यायचा बंद झाला.  नवरा एक कप भरून गुपचूप वरच्या मजल्यावर भावाच्या खोलीत नेऊन द्यायचा.

आणि पाती तडकतच राहिली.

दवाखान्यात ती गेली ते याच्यासाठी नाही. ती गेली लेकीचं तोंड बंद करायला. लेक महिनाभर मागे लागली होती. "आई, टीव्हीचा आवाज कमी कर." "आई, मी दोनदा हाक मारली." "आई, तू ओरडतेस का?" तोफ म्हणायची, "मी बोलते. ओरडायला लागले तर तुला कळेल." पण लेकही तिचीच होती, सोडतेय कसली. शेवटी ती आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊनच गेली.

डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्याने आधी यंत्र लावून बघितलं, मग खणातून दोन टोकांचा एक लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर मारला आणि तिच्या कानाजवळ धरला. "वाजतोय?"

"वाजतोय की."

"वाजायचा थांबला की सांगा."

तोफ ऐकत बसली. हे तर तिचं रोजचं काम. डोळे मिटून, मान तिरकी करून तिने कान लावला. आवाज बारीक होत गेला, सूंऽऽ उरलं. ती थांबली. सूं चालूच होतं. "अजून वाजतोय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "चांगला चिमटा आहे हो तुमचा. अजून वाजतोय."

"आई," लेक म्हणाली. तिचा आवाज कसातरीच झाला होता.

तोफेने डोळे उघडले. डॉक्टरने चिमटा मघाशीच खाली घेतला होता आणि दोन्ही टोकं मुठीत गच्च धरली होती. आणि सूं चालूच होतं.

"हा आवाज बाहेर नाही," डॉक्टर म्हणाला, "तो तुमच्या कानातच आहे. बारीक आवाज ऐकायची ताकद गेली की कान स्वतःच वाजायला लागतात. तुम्हाला सवय झालीय, म्हणून कळत नाही." तो आणखी बरंच बोलला, पण तोफेपर्यंत पोचलं नाही. ती टाकीपाशी पोचली होती. तुकडा पाण्यात गप्प झालेला आणि ती उभी, सांडशी धरून, स्वतःच्याच कानाचं सूं संपायची वाट बघत. जे कधी संपणारच नव्हतं त्याची. तुकडे आपण तडकवले. भावजींनी नाही, पोलादवाल्याने नाही, पाण्याने नाही. 

तिने तोंडावर हात धरला आणि डॉक्टरनेच पाणी दिलं. मग त्याने तपासणी पुरी करायची म्हणून चिमटा पुन्हा वाजवला आणि त्याचा दांडा तिच्या कोपराच्या हाडावर टेकवला. "हे कळतंय का?"

"ऐकू नाही येत," ती म्हणाली. मग थांबली. "लागतंय. हाडात थरथरतंय." आणि थोड्या वेळाने, स्वतःहून म्हणाली, "आता थांबलं."

डॉक्टरने मान हलवली. आता खरंच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडल्यावर तोफ टाकीकडे गेली नाही. ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी इकडे या. मालकांना बोलवा. भावजींना गाडीपाशी जाऊन सांगा, मी बोलावलंय." सगळे आले. काहींना वाटलं, आता आणखी कुणाची तरी खैर नाही.

"मी भावजींना याच जागेवर, याच आवाजात बोलले होते, म्हणून याच आवाजात सांगते," ती म्हणाली. "भट्टी चांगली होती. पोलाद चांगलं होतं. माझे कान गेलेत. माझ्याच कानात आवाज होतो आणि मला वाटतं तुकडा बोलतोय. पाती मी तडकवली. एकेक पातं मी तडकवलं. भावजींना आज्जिबात दोष नाही, आणि ज्याला ऐकू आलं नसेल त्याने हात वर करावा, मी पुन्हा सांगते."

कुणीही हात वर केला नाही. समोरच्या दुकानातला माणूससुद्धा बाहेर येऊन ऐकत होता.

मालक वाईट नव्हता. भट्टीवाल्याला त्याने तिथल्या तिथे भट्टी परत दिली. तोफेला म्हणाला, "खरं बोललात, मोठं मन लागतं त्याला. आता टाकी दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही टेबलावर बसून माल बांधा. बसून काम. पगार तोच."

"बसून?" तोफ म्हणाली. "मी कान गेलेत म्हणाले. मी गेले असं कुठे म्हणाले?"

"अहो पण टाकीचं काम कानाचंच आहे ना!"

"तुमच्या लेखी आहे. मला थोडे दिवस द्या."

"माझ्याकडे गिऱ्हाइकं नाही राहिली द्यायला, दिवस कुठून देऊ?" मालक म्हणाला, आणि ते खरंच होतं. शेवटी ठरलं असं, की माल बांधणारा एक माणूस टाकीवर जाईल, तोफ टेबलावर. मधल्या सुट्टीत भंगारातल्या तुकड्यांवर तिला काय खेळ करायचे ते करावेत. "पण खऱ्या मालाला हात लावायचा नाही," मालक म्हणाला.

"लावणार," तोफ म्हणाली. "आज नाही."

मग सुरू झाला तमाशा. मधल्या सुट्टीत बाकीचे डबे उघडायचे आणि तोफ बाजूच्या छोट्या भट्टीत भंगाराचा तुकडा लाल करायची. सांडशी लांब दांड्यांची. तुकडा सांडशीच्या तोंडात धरायचा, दांडे हातांत घट्ट आवळायचे आणि एका दांड्याचं मागचं टोक काखेत घालून बरगडीशी दाबायचं, म्हणजे डॉक्टरच्या चिमट्यासारखी तुकड्याची थरथर हाडात कळेल. अशी वाकडीतिकडी उभी राहून ती पाण्याशी झुंजायची. लोकांना घास गिळवेना. "तोफेने बंदूक धरली!" एक जण म्हणाला. तोफ म्हणाली, "धरलीय, आणि तू समोर बसलायस. सरक."

पहिल्यांदा तर पार फजिती झाली. तुकडा पाण्यात गेला, बरगडीला काहीच लागेना, तिला वाटलं संपलं, उचलला. काढून बघते तर अजून लाल. ते नुसतं वाफेचं पांघरूण होतं, बोलणं सुरूही झालं नव्हतं. डबे खाणारे हसून हसून लोळले. पुढचे तुकडे मऊ राहिले, त्याच्या पुढचे तडकले. तिला कळेना, थरथर संपते कधी आणि आपलं काळीज धडधडतं ते कधी. म्हणून ती श्वास रोखायला शिकली. हातमोजा जाड पडतोय असं वाटलं, पण मोज्याशिवाय काम करायला मालक देईना, मग तिने बरगडीवरच भिस्त ठेवली. कान मध्येमध्ये बोलायचे, सूंऽऽ करायचे. तिने त्यांना सांगून टाकलं, "तुम्ही वाजा खुशाल. तुम्हाला विचारतंय कोण?" हे ती मोठ्याने म्हणायची. लोकांना वाटे, आता डोकंही गेलं.

घरी नवरा एकदा टाचण्या तोंडातून काढून म्हणाला, "सोड ना आता. टेबल काय वाईट आहे?"

"तुमच्या हातातून कात्री काढून घेतली आणि तुम्हाला बटणं मोजायला बसवलं तर?"

नवऱ्याने विचार केला. "बस, पुढे बोलू नकोस," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या कामाच्या झग्याला काखेपाशी कातड्याचा एक तुकडा शिवून दिला, दांड्याने बरगडी सोलवटत होती म्हणून.

एक गोष्ट तिला एकटीला जमत नव्हती. आपण उचलतो ती वेळ बरोबर की चूक, हे लगेच सांगणारं कुणीतरी हवं होतं. चांगल्या कानाचं, आणि तुकड्याचं बोलणं ओळखणारं. असा माणूस कारखान्यात एकच होता. एका दुपारी ती भट्टीपाशी गेली. "भावजी, मी तुकडा पाण्यात घालते. तुम्ही ऐका, आणि तो गप्प झाला की हात वर करा. एवढंच."

भट्टीवाल्याने भट्टीवरची नजर काढली नाही. "त्या दिवशी मी हात वर केला होता," तो म्हणाला. "कुणी बघितला?"

  तोफ परत टाकीपाशी आली, सांडशी काखेत घातली आणि रडली. कुणाला दिसू नये म्हणून वाफेत तोंड घालून रडली. मग नाक पुसलं आणि पुढचा तुकडा घेतला.

पावसाळा गेला, थंडी आली. टाकीवरचा नवा माणूस कसाबसा टिकून होता. लहान माल त्याला जमायचा. मोठं काही आलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि पात्यांवर रेघा अजूनही निघत होत्या. तोफ टेबलावर दोऱ्या आवळायची आणि मधल्या सुट्टीची वाट बघायची. तिच्या तुकड्यांचं पुढे काय होतं ते कुणी बघत असेल, असं तिला वाटत नव्हतं. ती ते भंगारात परत टाकायची आणि टेबलावर जाऊन बसायची.

मग ते पातं आलं. पत्रा कापायच्या मोठ्या कातरीचं, हातभर लांब. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला धारेकडे निमुळतं. अशी पाती सगळ्यात कजाग. जाड बाजू एका वेळी गार होते, पातळ दुसऱ्या वेळी, आणि दोघींचं भांडण लागलं की मधूनच तडकतात. गिऱ्हाईक जुनं होतं आणि त्याने सांगून ठेवलं होतं, हे पातं गेलं तर मीही गेलो. मालक स्वतः बाहेर येऊन उभा राहिला. मधली सुट्टी संपत आली होती. तोफ टाकीच्या दुसऱ्या टोकाला सांडशी घेऊन उभी होती. मालकाने तिला हाताने खूण केली, टेबलावर जा. ती एक पाऊल मागे झाली, त्याहून जास्त नाही.

पंखे बंद झाले. भट्टीवाल्याने दार उघडलं आणि पातं बाहेर काढलं. ते संत्र्याच्या रंगाने पेटलेलं होतं. भट्टीपासून टाकीपर्यंत अंतर ते किती, पण तेवढ्यात रंग उतरायला लागतो, थांबायला सवडच नसते. नव्या माणसाने आपली सांडशी पुढे केली. भट्टीवाला त्याच्याजवळून पुढे निघून गेला. तो सरळ टाकीच्या दुसऱ्या टोकाला येऊन थांबला.

"घ्या, वहिनी."

तिने घेतलं. विचार करायला वेळ नव्हता, आणि असता तरी तिने केला नसता. पातं उभंच्या उभं पाण्यात गेलं, दांडा काखेत गेला. मालकाने ओरडायला तोंड उघडलं. पण पातं पाण्यात होतं. नियम त्याचा, भिंतीवरचा रंगही त्याच्याच पैशांचा. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि मग त्याने ते मिटलं.

बरगडीला काही लागत नव्हतं. पांघरूण, तिने स्वतःला बजावलं, हे नुसतं पांघरूण आहे. मग पातं पिसाळलं. खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं अंग थरथरायला लागलं. ती पातं वर-खाली हलवत राहिली. जाड बाजूची थरथर वेगळी होती, दांडगी, आणि पातळ बाजूची त्याच्या आतून मुंग्यांसारखी येत होती. मुंग्या संपल्या. दांडगी थरथर उरली, मंदावली. कान म्हणत होते, थांब, अजून वाजतंय. सगळ्या आयुष्याची सवय म्हणत होती, कानाचं ऐक. तोफेने श्वास रोखला. बरगडी गप्प झाली.

तिने उचललं आणि पातं तेलात सोडलं.

आता वाट बघायची. तडकायचं असेल तर पातं तेलातही तडकतं, टिण्ण असा बारीक आवाज होतो. बाकी सगळे वाकून तोच ऐकत होते. तोफेला तो आता कधीच ऐकू येणार नव्हता. पातं तिचं, हात तिचे, आणि बातमी तिला दुसऱ्यांच्या तोंडावर वाचावी लागत होती. तिला फार राग आला, आणि रागाच्या आतून भीती वाटली, आणि ती दोन्ही गिळून ती एकेक चेहरा बघत राहिली. मालकाची मान तिरकी. नव्या माणसाचे डोळे मिटलेले. दीर तेलाकडे बघत उभा, चेहऱ्यावर काही नाही.

"तडकलं का?" शेवटी तिने विचारलं. तिच्या समजुतीने हळू. सगळे दचकले.

"नाही," दीर म्हणाला.

पातं बाहेर निघालं, पुसलं गेलं. दारातल्या उजेडात मालकाने ते फिरवून-फिरवून बघितलं. रेघ नव्हती. कठीणपणा बघायला कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मग मात्र मालकाने इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर काढलं. "मी कुणाला द्यायला सांगितलं होतं? तडकलं असतं तर?"

"तडकलं असतं तर दोघांना काढलं असतंत," भट्टीवाला म्हणाला. "भट्टी माझी आहे. माझं तापलेलं पातं कुणाच्या हातात द्यायचं, ते मी ठरवणार. पटत नसेल तर खोकी उचलायला मी जातो, सवय आहे."

मालक तोफेकडे वळला. "आज जमलं, म्हणून रोज जमेल असं नाही."

"नाहीच," तोफ म्हणाली. "आणि नाही जमलं, तर सगळ्यात आधी मीच ओरडून सांगेन. ते तुम्ही एकदा बघितलंय."

"सगळ्या गल्लीने बघितलंय," मालक म्हणाला. त्याने कपाळ पुसलं. "ठीक आहे. उद्यापासून टाकीवर या."

"उद्यापासून कशाला? दिवस अजून संपलेला नाही."

नवा माणूस कुणी काही सांगायच्या आधीच टेबलाकडे निघाला होता. त्याने दोरीचं रीळ असं उचललं, जणू हरवलेलं मूल सापडलंय.

तोफ दिराजवळ गेली. "भावजी, मला का दिलंत?"

"तुमचे भंगारातले तुकडे मी रोज संध्याकाळी काढून बघतो, कानस लावून," तो म्हणाला. तिला कळावं म्हणून तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "गेले कितीतरी दिवस एकही वाया गेलेला नाही. आणि मी माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजत," ती म्हणाली. "चहाला या."

"बघू."

तो भट्टीकडे गेला. ती टाकीपाशी गेली आणि दांडा काखेत घालून उभी राहिली. पंखे पुन्हा बंद झाले होते, पण भट्टीचा घरघराट होताच. तिकडून दीर काहीतरी म्हणाला. तिला त्याचे ओठ हललेले दिसले, शब्द आले नाहीत. गेल्या वर्षी तिने नुसती मान हलवली असती, कळल्यासारखं दाखवलं असतं.

"ऐकू नाही आलं!" तिने ओरडून सांगितलं. समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली.

दीर पुन्हा बोलला नाही. तो चालत आला, स्वतःची सांडशी वर केली आणि तिच्या सांडशीवर हलकेच टकटक केली. ती टकटक दांड्यातून काखेत आली, बरगडीत आली, सगळ्या छातीत पोचली. तिला अगदी स्वच्छ कळलं तो काय विचारत होता ते.

"आणा!" तोफ म्हणाली.